इटलीतल्या छोट्या गेस्टहाऊसमध्ये उशिरा चेक-इन: आमचा अनुभव

छोट्या गेस्टहाऊसला रिसेप्शन नसतं, ही गोष्ट बुकिंग करताना कुणाच्या डोक्यातच येत नाही. आपण फोटो बघतो, रेटिंग बघतो, स्टेशनपासून किती लांब ते बघतो, आणि चेक-इन दुपारी २ ते रात्री ८ असं लिहिलेलं असतं त्याच्यावरून नजर नुसती फिरते, कारण आपल्याकडे साध्या लॉजवर रात्री दोनला गेलं तरी काउंटरमागे गादी टाकून झोपलेला पोरगा उठतो आणि रजिस्टर पुढे करतो. इटलीत बीअँडबी, म्हणजे राहायला खोली आणि सकाळचा ब्रेकफास्ट देणारं छोटं गेस्टहाऊस, हे बऱ्याचदा एखाद्या जुन्या इमारतीतला फ्लॅट, त्यातल्या तीन-चार खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि मालक किंवा मालकीण दुसरीकडेच कुठेतरी राहतात. तुम्ही येणार म्हटल्यावर ते येतात, दार उघडतात, पासपोर्ट बघतात, किल्ल्या देतात आणि घरी जातात. म्हणजे तुम्ही उशिरा येणार तर एक माणूस तुमच्यासाठी जागा राहणार, एवढा साधा हिशोब आहे, पण तो आपल्याला त्या दारासमोर उभं राहिल्यावरच नीट कळतो.

आम्ही २०२५ च्या दिवाळीत भाऊबीज उरकून निघालो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही आणि रात्री उशिरापर्यंत बसवतही नाही, त्यामुळे पहिली रात्र नीट जावी ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. हॉटेल का नाही घेतलं असं बऱ्याच जणांनी विचारलं. तर चार माणसांना एक खोली युरोपातली हॉटेलं सहसा देत नाहीत, दोन खोल्या घ्याव्या लागतात, आणि मग सासूबाई आणि लेक एका खोलीत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर असं काहीतरी होतं. गेस्टहाऊसमध्ये चार पलंगांची एकच खोली मिळते, कोपऱ्यात केटल असते, कुठे कुठे छोटं किचनही असतं जिथे रात्री मुगाची खिचडी टाकता येते. शिवाय व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींची बुकिंग्ज जोडायची असल्यामुळे हे सगळं दीड-दोन महिने आधीच ठरलेलं होतं.

रोममध्ये जागा घेतली ती तेर्मिनी स्टेशनजवळ, पियात्सा व्हित्तोरिओ नावाच्या चौकाच्या बाजूला. आमचं विमान आखातातल्या एका विमानतळावर बदलून संध्याकाळी सातच्या सुमाराला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरणार होतं. पैसे भरण्याआधीच मी होस्टबाईंना मेसेज केला होता की सात वाजता उतरतोय, इमिग्रेशन, सामान, प्रवास धरून नऊ वाजतील, सोबत वयस्कर बाई आणि लहान मुलगी आहे, चालेल का, आणि किती पैसे जास्त. त्यांचं उत्तर अगदी सरळ आलं. आठ ते दहा २० युरो, दहा ते बारा ३० युरो, बारानंतर ५० युरो, सगळं कॅश, आणि रात्री एकनंतर शक्य नाही. मला ते आवडलं. रक्कम कमी होती म्हणून नाही, पण काय आहे ते समोर होतं. दुसऱ्या एका जागेचं उत्तर आलं होतं, नो प्रॉब्लेम, वुई विल सी, आणि ती जागा मी त्याच क्षणी यादीतून काढली. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असताना बघू या उत्तरावर पैसे टाकायचे नसतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि मग ट्रान्झिटमध्ये बोर्डवर आमच्या विमानापुढे उशीर झळकायला लागला. आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग तीन तास. मी पहिल्या चाळीस मिनिटांनाच मेसेज टाकला, विमानतळाच्या वायफायवर, बोर्डचा फोटो आणि फ्लाइट नंबर सकट, म्हणजे त्यांनाही त्यांच्या फोनवर विमान कुठे आहे ते बघता येईल. दर वेळी वेळ बदलली की परत मेसेज. नवरा म्हणाला, कशाला सारखं त्रास देतेस, उतरल्यावर एकदाच सांगू. पण त्या बाईंच्या बाजूने विचार करा ना, त्या जेवायच्या वेळेला ठरवणार की आज रात्री थांबायचं की नाही, आणि ती माहिती त्यांना रात्री अकराला मिळून काय उपयोग. सोबत एक वाक्य मी मुद्दाम लिहिलं, आम्ही नक्की येतोय, कृपया नो-शो टाकू नका. याचं कारण खूप जणांना माहीत नसतं. पहिल्या रात्री तुम्ही आलाच नाहीत असं होस्टने नोंदवलं तर बऱ्याच ठिकाणी फक्त ती एक रात्र जात नाही, पुढच्या सगळ्या रात्रींचं बुकिंग रद्द होऊ शकतं, आणि पैसे परत मिळायचे की नाही ते त्या बुकिंगच्या अटींवर.

उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढे इमिग्रेशन. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशातल्या लोकांची येण्याजाण्याची नोंद ठेवायची नवीन पद्धत सुरू झाली, पासपोर्टवर नुसता शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन. आम्ही पोचलो तेव्हा ती अगदी नवीन होती, सगळ्यांनाच नवीन होती, रांग पुढे सरकता सरकेना. सासूबाईंना एका अधिकाऱ्याने स्वतःहून बाजूला बसायला जागा दिली, तेवढं बरं झालं. बाहेर येऊन बॅगा घेईपर्यंत सव्वाअकरा.

फ्युमिचिनोहून तेर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस जाते, मधे कुठे थांबत नाही, ३२ मिनिटं, १४ युरो तिकीट. पण ती रात्रभर नसते, साडेअकराच्या आतच शेवटची सुटते, आणि चार बॅगा, झोपलेलं पोर आणि सासूबाई घेऊन तिच्यामागे धावण्यात अर्थ नव्हता. टॅक्सी घेतली. विमानतळाहून जुन्या रोमच्या तटबंदीच्या आत कुठेही जायला महापालिकेने ठरवलेला एकच दर आहे, ५५ युरो, सामान त्यातच. बसायच्या आधी ड्रायव्हरला फिफ्टी फाइव्ह ना असं विचारून घेतलं, त्याने मान डोलावली. गाडीतून होस्टबाईंना शेवटचा मेसेज केला, निघालोय, साधारण बारा. निळी टिक आली. उत्तर नाही आलं, पण टिक आली.

बारा वाजून पाच-सात मिनिटांनी आम्ही त्या दारासमोर होतो. दार म्हणजे काय, आपल्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याएवढं उंच लाकडी दार, बाजूला पितळी पाटी आणि त्या पाटीवर तीसेक बेलची बटणं, प्रत्येकासमोर आडनाव. गेस्टहाऊसचं नाव कुठेच नाही! हे इटलीत सर्रास असतं, बुकिंगवर एखादं गोड नाव आणि बेलवर मालकाचं आडनाव, त्यामुळे आडनाव, जिना कुठला, मजला कुठला आणि घर नंबर काय हे मी आधीच विचारून कागदावर लिहून घेतलं होतं. फोनची बॅटरी गेली तरी कागद राहतो. मोबाईलचा टॉर्च लावून ते आडनाव शोधलं, बेल दाबली. काही नाही. परत दाबली. कान लावून ऐकलं तर आत कुठेतरी वाजतेय असंही वाटेना. फोन केला, रिंग जाऊन जाऊन कट. व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला, तोही तसाच. सासूबाई बॅगेवर शाल गुंडाळून बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, येईल ना कुणीतरी दार उघडायला?" मी म्हटलं, "येतील आई, त्यांनी मेसेज वाचलाय." लेक बाबाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. रस्ता तसा रिकामा, थंडी फार नाही पण ओलसर हवा, आणि कोपऱ्यावर एकच दुकान उघडं.

या भागाचं एक आहे. पियात्सा व्हित्तोरिओच्या आसपास बांगलादेशी लोकांची खूप दुकानं आहेत, किराणा, फोन रिचार्ज, भाजी, आणि ती रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. नवरा सासूबाई आणि लेकीपाशी थांबला आणि मी त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, त्याने माझ्याकडे बघितलं आणि थेट हिंदीत विचारलं, "इंडिया से?" मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं ना. सगळं सांगितलं. तो म्हणाला, आधी माताजींना आत आणा, खुर्ची आहे. मग माझा कागद घेऊन त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. दुसऱ्या प्रयत्नात उचलला! अस्खलित इटालियनमध्ये दोन मिनिटं बोलला आणि मला म्हणाला, "वो दूसरे मकान में हैं, दस मिनट में आती हैं।"

झालं होतं असं की बाईंची दोन ठिकाणं होती, एक हे आणि एक दोन गल्ल्या सोडून, आणि त्या रात्री तिकडेही एक कुटुंब उशिरा आलेलं. जुन्या इमारतींच्या भिंती हातभर जाड, आतल्या अंगाला फोनला रेंज धड नसते, म्हणून आमचे कॉल त्यांना नीट लागलेच नव्हते. हे नंतर कळलं. तोवर आम्ही त्या दुकानात बसलो होतो, दुकानदाराने सासूबाईंना पाण्याची बाटली दिली आणि पैसे घेईना, तेव्हा सासूबाईंनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून चकल्यांची पिशवी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने एक लगेच खाल्ली आणि बाकीच्या घरी नेतो म्हणाला.

बाई स्कूटरवर आल्या. साठीच्या असतील. हेल्मेट काढता काढता आधी सॉरी म्हणाल्या, मग सासूबाईंचा हात धरून त्यांना दारातून आत नेलं. आत जिन्याच्या मधल्या पोकळीत जाळीची लिफ्ट, लाकडी दोन दारं हाताने लावायची आणि दोन्ही नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही, त्यात दोन माणसं आणि एक बॅग एवढंच मावतं. आधी सासूबाई आणि त्या वर गेल्या, मग लेक आणि नवरा, मग मी बॅगा घेऊन. वर खोली उबदार होती, चारही पलंगांवर पांघरुणं घातलेली, टेबलावर पाणी आणि बिस्किटं. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या चारही पासपोर्ट बघितले, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून फोटोशी ताडले, लेकीचा तर ती झोपलेली असताना, आणि प्रत्येक पासपोर्टचा फोटो काढून घेतला. मग ५० युरो उशिराचे आणि शहराचा पर्यटक कर. रोममध्ये हा कर माणशी दर रात्री लागतो, दहा वर्षांखालच्या मुलांना नाही, आणि तो बुकिंगच्या रकमेत बहुतेक वेळा धरलेला नसतो, जागेवर द्यायचा असतो. कराची पावती त्यांनी लगेच दिली. ५० ची पावती मी मागितली तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती न विसरता आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ब्रेकफास्टला बाई निवांत होत्या. मी त्यांना विचारलं की बाहेर दारावर नंबरचं कुलूप असलेली छोटी डबी लावून त्यात किल्ली ठेवता आली नसती का, म्हणजे तुम्हालाही मध्यरात्री यायला नको. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण इटलीत उशिरा चेक-इनची अडचण नुसती होस्टच्या मर्जीची नाहीये, त्यात कायदा आहे. १९३१ च्या एका कायद्याप्रमाणे इटलीत हॉटेल-गेस्टहाऊसमध्ये कुणालाही राहायला ठेवलं तर त्याची माहिती पोलिसांना २४ तासांच्या आत द्यावी लागते, आणि मुक्काम एकाच दिवसाचा असेल तर त्याहून लवकर. आता ते ऑनलाईन होतं, पोलिसांचं त्यासाठी वेगळं पोर्टल आहे. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये गृहमंत्रालयाने परिपत्रक काढलं की नुसता पासपोर्टचा फोटो मागवून आणि किल्लीच्या डबीचा कोड पाठवून चालणार नाही, पाहुणा आणि कागद एकच आहेत हे प्रत्यक्ष बघायला हवं. २०२५ हे रोममध्ये कॅथलिक लोकांचं ज्युबिली, म्हणजे तीर्थयात्रेचं खास वर्ष, जगभरातून भाविक येणार, त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा होता. शिवाय शहरातल्या लोकांचाही त्या डब्यांवर राग होता, कारण इमारतींमधली घरं एकेक करून पर्यटकांकडे जातायत आणि भाडं परवडेना झालंय, त्या रागाची खूण म्हणजे रस्त्यारस्त्यावर लटकणाऱ्या या डब्या. फ्लॉरेन्सने तर जुन्या शहरात त्यांना २०२५ मध्ये बंदीच घातली.

मग त्या परिपत्रकाविरुद्ध कोर्टबाजी झाली. मे २०२५ मध्ये रोमच्या प्रशासकीय न्यायालयाने ते रद्द केलं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ते कागदावर रद्द होतं, आणि आम्ही परत आल्यावर नोव्हेंबरात वरच्या कोर्टाने ते पुन्हा उभं केलं. बाई म्हणाल्या, कोर्ट काहीही म्हणो, मी आधीपासूनच माझ्या डोळ्यांनी बघते, माझ्या घरात कोण झोपतंय ते मला माहीत पाहिजे. मला ते पटलं. आपणही आपल्या घरात न बघता कुणाला किल्ली देणार नाही.

आता ५० युरो जास्त होते का, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. नवऱ्याच्या मते जास्त. माझ्या मते नाही. साठीची बाई मध्यरात्री स्कूटर काढून येते, दोन ठिकाणी पळते, वयस्कर पाहुणीला हात धरून नेते, आणि सकाळी आठला परत ब्रेकफास्टला हजर असते, त्याचे ते पैसे आहेत आणि ते मला दोन महिने आधी माहीत होते. माझा राग आहे तो दारात पहिल्यांदा आकडा सांगणाऱ्यांवर. त्याच ब्रेकफास्टच्या टेबलावर एक जोडपं भेटलं, ते आधी दुसऱ्या शहरात होते, तिथे रात्री साडेनऊला गेल्यावर त्यांना दारात ४० युरो मागितले, बुकिंगवर त्याचा उल्लेख नाही, मेसेजमध्ये नाही, आणि किल्ली हातात धरून माणूस उभा. रात्री परक्या गावात बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून असे पैसे घेणं ही अडवणूकच आहे. त्यांनी दिले, दुसरं काय करणार.

फ्लॉरेन्समध्ये आम्ही दुपारी चारला पोचलो, एक मुलगा टॅबलेट घेऊन आला, पासपोर्ट स्कॅन केले, पाच मिनिटांत काम झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं झालं ते रियोमाज्जोरेला. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्राच्या कड्यावरची पाच गावं, त्यातलं हे ला स्पेझिया शहराच्या बाजूने पहिलं. इथे गेस्टहाऊस म्हणजे आणखी वेगळा प्रकार, गावाच्या मुख्य रस्त्यावर एक छोटं ऑफिस आणि खोल्या वर कुठेतरी चढावर, पायऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये. ऑफिसमधला माणूस तुम्हाला खोलीपर्यंत चालत नेऊन सोडतो, कारण पत्त्यावरून ती सापडणं कठीण, गाडी तिथे जातच नाही. आणि ऑफिस संध्याकाळी सातला बंद. आम्ही पाचच्या सुमाराला पोचणार होतो, फ्लॉरेन्सहून पिसा, पिसाहून ला स्पेझिया, तिथून गावाची लोकल. पिसाच्या अलीकडे आमची गाडी शेतात उभी राहिली ती राहिलीच. घोषणा इटालियनमध्ये, आजूबाजूचे लोक खांदे उडवतायत. दीडेक तासाने हलली, तोवर पिसाची पुढची गाडी गेलेली.

या वेळी मी मेसेजवर थांबले नाही, थेट फोन केला, ऑफिस उघडं असतानाच. ऑफिस बंद झालं की मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला जातो, आणि ऑफिसच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप असेलच असं नाही, तो लँडलाईन असू शकतो. लँडलाईनचं एक सांगते, इटलीत लँडलाईन नंबरच्या सुरुवातीचा शून्य देशाच्या कोडनंतरही लावायचा असतो, रोमचा नंबर प्लस ३९ आणि मग ०६ असाच लागतो. आपल्याला शून्य काढायची सवय, आणि मग फोन लागत नाही. आणि आपल्या रोमिंग पॅकमध्ये नुसता डेटा आहे की कॉलही आहेत हे निघायच्या आधी बघून ठेवायचं. आमच्या पॅकमध्ये होते.

ऑफिसमधली मुलगी म्हणाली, सातनंतर मी थांबू शकत नाही, मी राहते ला स्पेझियाला आणि घरी लहान बाळ आहे. माझ्या पोटात गोळा आला. पण तिने पुढे स्वतःच विचारलं, तुम्ही ला स्पेझियाला गाडी बदलणारच ना? कुठल्या गाडीने येताय? मग मी तिथेच भेटते. आणि खरंच, आठच्या सुमाराला आम्ही ला स्पेझियाच्या फलाटावर उतरलो तर ती बाळाला कडेवर घेऊन उभी. बाकावर बसून तिने चारही पासपोर्ट बघितले, चेहरे बघितले, माहिती फोनमध्ये भरली, कराचे पैसे घेतले, पावती दिली, किल्ल्या दिल्या. मग तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला, तिने स्वतः चालत चालत काढलेला, स्टेशनातून बाहेर पडा, बोगद्यातून चालत गावात या, मुख्य रस्त्याने वर, मग अमुक दुकानापाशी उजवीकडे पायऱ्या, हिरवं दार. मी विचारलं उशिराचे किती द्यायचे, तर नको म्हणाली, मला घरी यायचंच होतं. लेकीने तिच्या बाळाच्या हातात आपल्या जवळचं छोटं अस्वल दिलं आणि परत घेतलं नाही.

ला स्पेझियाहून रियोमाज्जोरे लोकलने आठ-दहा मिनिटं. ऑक्टोबर संपताना युरोपात घड्याळ तासभर मागे जातं आणि संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा काळोख, गावात दोन-तीन हॉटेलांतला उजेड तेवढा. नवरा पुढे फोनवर व्हिडिओ लावून, तो थांबवून थांबवून, बोगदा झाला, दुकान झालं, आता उजवीकडे. सासूबाई पायऱ्या मोजत मोजत, दर दहाला थांबून, न कुरकुरता चढल्या. तो व्हिडिओ नसता तर त्या अंधारात, त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या गल्ल्यांमध्ये हिरवं दार आम्हाला सापडलं नसतं. तेव्हापासून मी कुठल्याही होस्टला पत्ता विचारताना व्हिडिओ आहे का हे आधी विचारते, बऱ्याच जणांकडे तयार असतो, फक्त मागितल्याशिवाय पाठवत नाहीत.

परत आल्यावर माझ्या मावसभावाने विचारलं, तो एप्रिलमध्ये बायको आणि वडिलांना घेऊन रोमला जातोय, काका सत्तरीचे. त्याचं विमान रात्री सव्वाबाराला उतरतं. पहिलं म्हणजे त्याने बुकिंग ५ तारखेपासून टाकलं होतं कारण तिकिटावर ५ तारीख आहे, पण सव्वाबाराला उतरणाऱ्या माणसाला झोपायला हवी असते ४ तारखेची रात्र. ५ चं चेक-इन दुपारी दोनला. मी त्याला आधी तेच बदलायला लावलं. दुसरं म्हणजे त्याला सांगितलं की अरे, पहिल्या रात्री गेस्टहाऊस नकोच. फ्युमिचिनोला विमानतळाच्या इमारतीला जोडून हॉटेल आहे, आतून चालत जाता येतं, चोवीस तास रिसेप्शन. तो म्हणाला, ताई, केवढं महाग आहे ते. मग आम्ही फोनवर बसून हिशोब केला, गेस्टहाऊसची रात्र, उशिराचे पैसे, रात्रीची टॅक्सी कारण ट्रेन बंद, आणि एकनंतर कुणी येणार नसेल तर काय, ते वेगळंच. फरक राहिला, पण काकांना पहाटे अडीचपर्यंत रस्त्यावर बसवायला लागण्याइतका नाही राहिला.

त्याने ४ ची रात्र तिथे घेतली आणि ५ पासून गेस्टहाऊस, आमच्याच बाईंचं. त्यांना मेसेज टाकला की सकाळी अकरापर्यंत येऊ, खोली तयार नसेल तर बॅगा ठेवू द्याल का, सोबत वडील आहेत. तासाभरात उत्तर आलं, दहानंतर कधीही या, मी घरीच आहे.